नाण्याच्या फोटोत पुन्हा पुन्हा येणारा पांढरा डाग : घरगुती प्रकाशमांडणीतील दोष आणि त्यांची दुरुस्ती

राणीछाप रुपयाचा फोटो घेतला की राणीच्या गालावर चुन्याचा ठिपका लावल्यासारखा पांढरा डाग उमटतो आणि उरलेले रुपे शिशासारखे काळवंडते. दिवा थोडा सरकवला की डाग गालावरून मुकुटावर जातो. दुसरा दिवा लावला की डाग दोन होतात. सगळीकडून ट्रेसिंग पेपर लावला की डाग नाहीसा होतो, पण त्याबरोबर झळाळीही जाते आणि चांदीचा रुपया ॲल्युमिनियमच्या तीन पैशांसारखा निर्जीव दिसू लागतो. घरच्या घरी नाण्यांचे फोटो काढणाऱ्यांना ही अडचण हमखास येते, आणि तिचा खरा त्रास असा की ती सुटली असे वाटावे तोच पुढच्या नाण्याला, किंवा त्याच नाण्याला पुढच्या रविवारी, पुन्हा समोर उभी राहते.

आजोबांच्या पत्र्याच्या डब्यातून माझ्याकडे आलेल्या नाण्यांची सचित्र नोंदवही तयार करताना मी या फेऱ्यात दीड वर्ष अडकलो होतो. डब्यात तांब्याच्या शिवराया, म्हणजे शिवकाळापासून चालत आलेली मराठेशाहीतील नाणी होती, अंकुशाची खूण असलेले काही अंकुशी रुपये होते, इंग्रजी अमदानीतील यंत्रावर पाडलेले कलदार रुपये होते आणि १९५७ नंतरचे नये पैसेही होते. एका नाण्यासाठी जमवलेला प्रकाश दुसऱ्याला चालत नसे, आणि दर वेळी मी एकच उपाय करत असे : आणखी एक दिवा. प्रकाश कमी पडतो आहे ही माझी समजूत मुळातच चुकीची होती, हे फार उशिरा लक्षात आले. मी विचारायला हवा होता तो प्रश्न असा : टेबलावर ठेवलेल्या या नाण्याला आपल्या जागेवरून काय काय दिसते आहे?

डाग आणि काळपटपणा यांचे मूळ एकच

कागदावर किंवा लाकडावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून कागद कोणत्याही बाजूने पाहिला तरी साधारण सारखाच उजळ दिसतो. धातू तसे करत नाही. त्यावर प्रकाश ज्या कोनातून येतो, त्याच कोनातून तो पलीकडे परततो. नाण्याचा सपाट भाग कॅमेऱ्याच्या अगदी खाली असल्याने त्याला समोर फक्त लेन्स आणि तिच्याभोवतीचे छत दिसते. लेन्स म्हणजे काळे भोक. म्हणून चकचकीत नाण्याचा सपाट भाग काळा येतो. उठावाचा भाग मात्र तिरका असतो, आणि येथे एक साधा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे : पृष्ठभाग जितके अंश कललेला, त्याच्या दुप्पट अंश उभ्या रेषेपासून दूर असलेली वस्तू तो लेन्सला दाखवतो. गालाचा १० अंशांचा उतार २० अंशांवरची वस्तू दाखवतो, नाकाच्या कडेचा २० अंशांचा उतार ४० अंशांवरची. त्या जागी दिवा असेल तर तो उतार पांढरा होतो. त्या जागी अंधारी खोली असेल तर काळा.

म्हणजे नाणे हे हजारो बारीक आरशांचे बनलेले आहे आणि त्याचा फोटो हा त्या आरशांत पडलेल्या खोलीचा फोटो आहे. पांढरा डाग हे दिव्याचे प्रतिबिंब आणि काळपटपणा हे अंधाराचे प्रतिबिंब, इतके समजले की दोष शोधणे सोपे होते. एक परीक्षा मी दर वेळी करतो. कॅमेरा किंवा फोन स्टँडवर लावून पडद्यावर नाणे मोठे करून घ्यावे, हातात पोस्टकार्डाएवढा काळा पुठ्ठा घ्यावा आणि तो नाण्याभोवती, वेगवेगळ्या उंचीवर, सावकाश फिरवावा. पुठ्ठा ज्या जागी आल्यावर पडद्यावरचा डाग विझतो, त्या जागेतून डाग येतो आहे. मग पांढरा पुठ्ठा घेऊन तसेच करावे. तो ज्या जागी आल्यावर काळवंडलेला भाग उजळतो, त्या जागी प्रकाशाची गरज आहे. अर्ध्या मिनिटात जे कळते, ते दिवे इकडेतिकडे हलवून तासाभरातही कळत नाही.

दुरुस्तीआधी मूळ मांडणी

पुढचे सगळे उपाय ज्या मांडणीवर मी करतो, ती थोडक्यात सांगतो. खाली दीड फूट लांब-रुंद प्लायवुडची फळी आहे. तिच्या मागच्या कडेला कॅमेरा खालच्या दिशेने धरणारा उभा खांब आहे. माझा खांब जुन्या एन्लार्जरचा, म्हणजे फिल्मवरून मोठे फोटो छापण्याच्या यंत्राचा आहे. फिल्मचे दिवस संपल्यावर अनेक स्टुडिओंतील एन्लार्जर भंगारात किंवा जुन्या बाजारात गेले, आणि त्यांचा जड पाया व वरखाली सरकणारी मान या कामासाठी मुद्दाम घडवल्यासारखी आहे. तसा खांब न मिळाल्यास जाड पीव्हीसी पाईपचा चौकटीसारखा स्टँड करून त्यावर फोन आडवा ठेवता येतो, मात्र पाईपच्या पायांत वाळू भरावी, म्हणजे चौकट हलत नाही.

दिव्यांसाठी वाकणाऱ्या मानेचे दोन टेबल लॅम्प आणि त्यांत एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले ९ वॅटचे दोन एलईडी बल्ब पुरेसे होतात. नाणे फळीवर थेट ठेवू नये. बाटलीच्या काळ्या झाकणावर किंवा नटावर ठेवून ते दीड-दोन सेंटीमीटर उचलावे, म्हणजे त्याची सावली खाली दूर पडते आणि पार्श्वभूमी धूसर होते. फोन वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना : फोनचा कॅमेरा एका टोकाला असतो, म्हणून ते टोक दिव्यांच्या बाजूला आणि फोनचे बाकी अंग आपल्याकडे येईल असे ठेवावे. उलटे ठेवल्यास फोनच दिव्यांच्या वाटेत येतो.

दिव्यांची जागा मी घड्याळाच्या तबकडीप्रमाणे सांगतो. नाण्याचा वरचा भाग बारा मानला, तर एक दिवा दहावर आणि दुसरा दोनवर. नाण्यापासून बल्बचे अंतर २५ सेंटीमीटर ठेवावे आणि त्यासाठी तेवढी सुतळी मापून ठेवावी. टेबलापासून ६० अंशांच्या कोनात दिवा आणायचा असेल, तर तो नाण्यापेक्षा साधारण २१.५ सेंटीमीटर उंच आणि आडव्या अंतराने १२.५ सेंटीमीटर दूर येतो. ४५ अंशांसाठी दोन्ही अंतरे जवळजवळ १७.५ सेंटीमीटर होतात, आणि २५ अंशांसाठी उंची १०.५ व आडवे अंतर २२.५. ही मापे मी फळीच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत. कोन मोजण्यासाठी मुलांच्या कंपासपेटीतील कोनमापक पुठ्ठ्यावर चिकटवला की काम भागते.

पांढरा डाग

उघड्या एलईडी बल्बचा उजळ भाग लहान असतो, म्हणून त्याचे प्रतिबिंब नाण्याच्या थोड्याच उतारांवर पडते आणि ते उतार जळून पांढरे होतात. दिवा मंद केल्याने प्रतिबिंब लहानच राहते, त्यामुळे डाग जात नाही. फक्त बाकीचे नाणे अधिक काळे होते. उपाय प्रतिबिंब मोठे करण्याचा आहे. बल्ब आणि नाणे यांच्यामध्ये, बल्बपासून चार-पाच सेंटीमीटर पुढे, ट्रेसिंग पेपरचा सात-आठ सेंटीमीटर रुंदीचा तुकडा धरला, की नाण्याच्या दृष्टीने तो कागदच दिवा बनतो. तो किती मोठा असावा हा खरा निर्णय आहे, आणि येथेच बहुतेकांची, काही काळ माझीही, चूक होते.

टांकसाळीत ठसा आदळतो तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर केसाहून बारीक अशा किरणांसारख्या रेषा राहतात. न झिजलेले नाणे हातात फिरवताना जी झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते, ती या रेषांची असते. सर्व बाजूंनी सारखा प्रकाश दिला, तर प्रत्येक रेषेला एकसारखेच दृश्य दिसते, तिच्यात उजेड-अंधाराचा फरक उरत नाही आणि झळाळी पूर्णपणे पुसली जाते. म्हणून झळाळी असलेल्या नाण्यासाठी कागद लहान ठेवावा, आणि कागदाच्या तुकड्यांमध्ये अंधारी जागा मुद्दाम राखावी. ती अंधारी जागाच नाण्याला धातूपण देते. दिवे ६० ते ७० अंशांपर्यंत उंच न्यावेत, म्हणजे कमी उताराचे भाग उजळतात आणि झळाळीचे दोन पंखे नाण्यावर स्पष्ट दिसतात. ते पंखे चेहऱ्यावर किंवा सनावर अडचणीच्या जागी आले, तर दोन दिव्यांमधील अंतर थोडे कमी-जास्त करून पाहावे.

पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्याचा उपाय सर्वांना ठाऊक आहे. श्रीखंडाचा एक किलोचा डबा घ्यायचा, त्याचा तळ कापायचा, तो नाण्याभोवती ठेवायचा आणि बाहेरून दिवे लावायचे. हा उपाय वाईट नाही, पण तो प्रत्येक नाण्यासाठी सुचवला जातो, हे मला पटत नाही. ज्यांची झळाळी आधीच गेली आहे, ज्यांच्यावर घासल्याचे ओरखडे आहेत किंवा ज्यांचा उठाव फार उंच आहे, अशा नाण्यांसाठी डबा उत्तम. तो ओरखडे सौम्य करतो आणि अक्षरे पूर्ण दाखवतो. टांकसाळीतून आल्यासारखे ताजे राहिलेले नाणे मात्र डब्यात घालू नये. नोंदवहीसाठी फोटो घेत असाल, तर ओरखडे सौम्य करणे हेसुद्धा कितपत योग्य, याचा विचार करावा. मी अशा नाण्यांचे दोन फोटो ठेवतो, एक डब्यातला आणि एक उघड्या दिव्याचा, कारण ओरखडा हासुद्धा नाण्याच्या नोंदीचा भाग आहे.

तयार मांडणी तपासण्यासाठी मी पंचम जॉर्जचा रुपया वापरतो. राजाच्या अंगरख्यावरील साखळीत एक लहानसा हत्ती आहे. १९११ च्या नाण्यांवर त्याची सोंड इतकी आखूड आली होती की लोकांना तो डुकरासारखा वाटला, आणि १९१२ पासून ठशात तो सुधारला गेला. रुपयाचा व्यास ३०.५ मिलिमीटर, त्यात हा हत्ती दाण्याएवढा. फोटोत त्याची सोंड आणि पाय वेगळे दिसत असतील, राजाचा गाल पांढरा पडला नसेल आणि सपाट भागावर झळाळीचा पंखा दिसत असेल, तर चांदीच्या नाण्यांसाठी प्रकाश जमला असे समजावे.

सपाट भाग काळाच राहतो तेव्हा

संग्राहकांसाठी खास पाडलेल्या, आरशासारखा सपाट भाग असलेल्या प्रूफ नाण्यांत, आणि कधी कधी नव्या स्टीलच्या नाण्यांतही, दिवे कितीही उंच नेले तरी सपाट भाग काळाच राहतो, कारण त्याला लेन्सखेरीज दुसरे काही दिसत नाही. काळी पार्श्वभूमी आणि त्यावर पांढरी दुधाळ आकृती हे प्रूफ नाण्याचे रूप अनेकांना आवडते, मलाही आवडते, आणि तसे हवे असल्यास दुरुस्तीची गरजच नाही. पण नाण्याचा सपाट भाग उजळ हवा असेल, तर प्रकाश लेन्सच्याच दिशेने खाली यायला हवा. त्यासाठी काचेचा तुकडा पुरतो.

फोटो फ्रेमच्या दुकानात २ मिलिमीटर जाडीची साधी काच १४ बाय १० सेंटीमीटर कापून मिळते. कडा पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात, नाहीतर बोट कापते. जाड पुठ्ठ्यातून दहा-दहा सेंटीमीटरच्या काटकोनी बाजू असलेले दोन सारखे त्रिकोण कापावेत. कंपासपेटीतील ४५ अंशांचा गुण्या नमुन्याला वापरावा. त्रिकोणांच्या तिरक्या बाजूवर काच टेकवली की ती बरोबर ४५ अंशांत बसते. नाणे काचेखाली, लेन्स काचेवर, आणि दिवा बाजूने, जिकडे काच उंच उघडलेली आहे तिकडून, ट्रेसिंग पेपरमधून आडवा येणारा. काच त्यातील थोडा प्रकाश खाली नाण्यावर पाठवते, नाणे तो सरळ वर परतवते आणि काचेतून पार होऊन तो लेन्समध्ये जातो.

ही मांडणी करूनही फोटो पांढुरका, धुके पसरल्यासारखा येतो, अशी तक्रार मला स्वतःला सुरुवातीला होती. त्याला दोन कारणे निघाली. दिव्याच्या विरुद्ध अंगाला जे काही असते, भिंत, पडदा, आपला सदरा, त्याचे प्रतिबिंब काचेच्या वरच्या पृष्ठभागावरून थेट लेन्समध्ये जाते. म्हणून त्या अंगाला काळी मखमल उभी करावी. दुसरे असे की दिव्याचा प्रकाश काचेकडे जाता जाता नाण्यावरही थेट पडतो. म्हणून नाणे आणि दिवा यांच्यामध्ये, नाण्यालगत, तीन-चार सेंटीमीटर उंचीची काळ्या पुठ्ठ्याची भिंत ठेवावी. साधी काच ४५ अंशांत जेमतेम एक दशांश प्रकाश परतवते, त्यामुळे शटर पूर्वीच्या दहापट वेळ उघडे ठेवावे लागते. त्याला घाबरण्याचे कारण नाही, कारण नाणे पळून जात नाही. कॅमेरा मात्र स्थिर हवा.

चमक मारण्यासाठी पोलराइझिंग फिल्टर घ्यावा असेही सांगितले जाते. पाणी, काच किंवा वार्निश यांच्यावरची चमक तो कमी करतो, परंतु धातूवरून परतलेल्या प्रकाशावर त्याचा तसा परिणाम होत नाही. माझा फिल्टर कपाटात पडून आहे.

शिवराईची अक्षरे उमटत नाहीत

तांब्याच्या जुन्या नाण्यांचा प्रश्न अगदी उलटा आहे. शिवराईवर दोन-तीनशे वर्षांचा काळपट-तपकिरी थर असतो, तो प्रकाश परतवण्याऐवजी विखुरतो, आणि ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे झिजून पृष्ठभागाशी जवळजवळ सपाट झालेली असतात. चांदीसाठी लावलेले उंच दिवे तसेच ठेवून शिवराईचा फोटो घेतला, तर तपकिरी चकतीशिवाय काही दिसत नाही. येथे अक्षरांना सावली लागते. एक दिवा पूर्ण बंद करावा, दुसरा टेबलापासून २५ अंशांपर्यंत, फार झिजलेल्या नाण्यासाठी १५ अंशांपर्यंत, खाली आणावा आणि ट्रेसिंग पेपर काढून टाकावा. सावली फार गडद झाली, तर दिव्याच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करून ती थोडी भरून काढावी.

यात दिव्याच्या दिशेला उंचीइतकेच महत्त्व आहे, आणि हे मला एका दुदांडी शिवराईने शिकवले. या प्रकारच्या शिवराईवर दोन आडव्या रेषा असतात आणि त्यांवरूनच ती ओळखली जाते. माझ्या फोटोत त्या रेषा दिसतच नव्हत्या, म्हणून नोंदवहीत ते नाणे मी साधी शिवराई म्हणून लिहिले होते. दिवा डावीकडे, बरोबर नऊवर होता. रेषेच्याच दिशेने येणारा प्रकाश रेषेची सावली पाडत नाही. रेषा ओलांडून येणारा प्रकाश पाडतो. दिवा बारावर नेताच दोन्ही रेषा उमटल्या, पण मग काने आणि दंड पुसट झाले. शेवटी दिवा दहा-साडेदहाच्या दरम्यान, म्हणजे तिरका ठेवला, तेव्हा आडव्या रेषा आणि उभे काने दोन्ही वाचता आले. देवनागरी अक्षरे असलेल्या सर्वच नाण्यांसाठी मी आता तिरक्या दिव्यापासून सुरुवात करतो. एवढ्यानेही न वाचता येणारे नाणे असेल, तर दिव्याच्या चार जागांवरून चार फोटो घ्यावेत आणि वाचन चारही पाहून करावे.

अक्षरे दिसावीत म्हणून नाणे चिंचेने, लिंबाने किंवा भांड्यांच्या पावडरीने घासण्याचा मोह होतो, कारण तांब्याची भांडी आपण तशीच लख्ख करतो. कृपा करून हे करू नये. आम्लाने गेलेला थर परत येत नाही, आणि त्याबरोबर झिजलेल्या अक्षरांचा उरलासुरला उठावही जातो. फोटोआधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवावी, नाणे कडेने धरावे आणि त्याच्यावर ओणवे होऊन बोलू नये, इतकीच स्वच्छता पुरे.

अक्षरे दिसतात, पण ती खोदल्यासारखी आत गेलेली वाटतात, हाही एक नेहमीचा दोष आहे. उजेड वरून येतो असे आपले डोळे गृहीत धरतात. त्यामुळे दिवा सहाच्या बाजूला असेल किंवा फोटो नंतर उलटा फिरवला असेल, तर उठाव खड्ड्यासारखा दिसतो. शिवराईची सरळ बाजू कोणती हे घाईत कळत नाही, आणि फोटो संगणकावर फिरवला जातो. तेथेच हे घडते. फोटो फिरवू नये. नाणे फिरवून, दिवा वरच्या बाजूला येईल असे पाहून, पुन्हा फोटो घ्यावा.

रंग दर वेळी वेगळा येतो

एकाच रुपयाचे सकाळी घेतलेले फोटो निळसर आणि रात्रीचे पिवळट येत असतील, तर खिडकीचा उजेड, छतावरचा दिवा आणि टेबल लॅम्प यांचे मिश्रण होत आहे. आपल्या दुकानांत ‘कूल डे लाइट’ म्हणून मिळणारे बल्ब साधारण ६५०० केल्व्हिनचे आणि ‘वॉर्म व्हाइट’ २७०० ते ३००० केल्व्हिनचे असतात. दोन्ही एकत्र वापरले, तर नाण्याचा एक उतार निळा आणि दुसरा पिवळा होतो, आणि असा फोटो नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. खिडकी झाकावी, खोलीतला दिवा बंद करावा आणि नाण्यावर फक्त जोडीचे बल्ब पडू द्यावेत. बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा पाहावा आणि तो ९० च्या वर असेल असाच घ्यावा. स्वस्त बल्बांत लाल रंगाचा अंश कमी पडतो आणि तांब्याचा तांबूसपणा मरून ते मातकट दिसते.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे ते पांढरेच यावे यासाठीची कॅमेऱ्यातील रंगजुळणी, ठरवण्यासाठी छपाईचा कागद वापरू नये, त्यात शुभ्र दिसण्यासाठी निळसर झाक आणणारे द्रव्य असते. नळाच्या आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप पुठ्ठ्यावर आठ-दहा थरांत घट्ट गुंडाळावी. तिचा पांढरा रंग विश्वासाचा असतो आणि ती कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. नाण्याच्या जागी ती ठेवून त्यावरून व्हाइट बॅलन्स निश्चित करावा आणि नंतर तो बदलू देऊ नये. एवढे करूनही चांदीवर हिरवट छटा राहिली, तर भिंतीचा रंग पाहावा. माझ्या बाबतीत ती छटा माझ्याच हिरव्या सदऱ्याची होती, आणि ती काळ्या पुठ्ठ्याच्या परीक्षेने सापडली. तेव्हापासून मी राखाडी सदरा घालतो.

पार्श्वभूमीमुळे एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ घ्यायचा याचा कॅमेऱ्याचा अंदाज, फसतो, तेही येथेच सांगतो. काळ्या मखमलीवर फोन नाणे जास्त उजळ करतो, पांढऱ्या कागदावर ते काळवंडवतो. मध्यम राखाडी पुठ्ठा घ्यावा, किंवा पडद्यावर नाण्यावर बोट दाबून एक्स्पोजर बांधून टाकावे.

फोटोत आडवे पट्टे येत असतील, तर तो दोष नाण्याचा किंवा लेन्सचा नसतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने साधा एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि फोन चित्र एकेक ओळ वाचत असल्याने काही ओळी उजळ तर काही मंद येतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवल्यास पट्टे जातात.

मध्यभाग स्पष्ट, कडा पुसट

नाण्याची एक कड स्पष्ट आणि समोरची पुसट असेल, तर कॅमेरा नाण्याशी समांतर नाही. पाणसळ दोन्हींवर ठेवून हे तपासता येते, पण त्याहून अचूक उपाय आरशाचा आहे. नाण्याच्या जागी लहान सपाट आरसा ठेवावा आणि लेन्सचे प्रतिबिंब पडद्याच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेऱ्याची मान वळवावी. ते मध्यभागी आले की लेन्स आरशावर काटकोनात आहे. सर्व कडा सारख्याच पुसट असतील, तर लेन्सचे छिद्र फार उघडे आहे. कॅमेऱ्यावर एफ ८ ठेवावे आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का चित्रात येत नाही.

फोन नाण्याच्या अगदी जवळ नेऊ नये. तो जवळ गेला की त्याचीच सावली पडते आणि दिवे उंच लावायला जागा उरत नाही. दुप्पट किंवा तिप्पट झूमची वेगळी लेन्स असलेला फोन २०-२५ सेंटीमीटर वर ठेवावा. मात्र पुष्कळ फोन वस्तू जवळ दिसताच आपोआप मुख्य लेन्सवर उतरतात आणि त्याच चित्राचा मधला भाग मोठा करून दाखवतात. खात्री करण्यासाठी मुख्य लेन्सवर बोट ठेवावे. चित्र अंधारले, तर झूमची लेन्स चालू नाही, आणि फोन आणखी थोडा वर घ्यावा.

हाच दोष पुढच्या रविवारी परत का येतो

माझ्या दीड वर्षातील निम्मा वेळ आधीच सुटलेला प्रश्न पुन्हा सोडवण्यात गेला, कारण मांडणी आवरताना दिव्यांच्या जागा मी कुठे लिहून ठेवत नव्हतो. आता फळीवर लॅम्पच्या तळांभोवती रंगीत चिकटपट्टीच्या खुणा आहेत : पांढऱ्या खुणा चांदीसाठी, तांबड्या तांब्यासाठी, काळ्या काचेच्या मांडणीसाठी. खांबावर कॅमेऱ्याच्या उंचीच्या रेघा आहेत, आणि प्रत्येक नाण्याच्या नोंदीत वजन व व्यास यांच्या शेजारी दिव्यांचा कोन आणि शटरचा वेग लिहिलेला आहे. बैठकीचा पहिला फोटो नेहमी त्या हत्तीच्या रुपयाचा असतो आणि तो मागच्या बैठकीच्या पहिल्या फोटोशेजारी पडद्यावर ठेवून पाहतो. दोन्ही सारखे दिसेपर्यंत दुसरे नाणे डब्यातून काढत नाही. गेल्या महिन्यात ते सारखे दिसत नव्हते; एक बल्ब गेल्यामुळे घरच्यांनी दुसऱ्या कंपनीचा बसवला होता. दोन्ही बल्ब एकदम बदलले, टेफ्लॉनच्या पट्टीवरून व्हाइट बॅलन्स पुन्हा घेतला आणि मग कामाला लागलो.

आपला डाग या उपायांनंतरही हलत नसेल, तर धातू, दिव्यांची संख्या व टेबलापासूनचे कोन, नाण्यापासून लेन्सचे अंतर आणि काळा पुठ्ठा कोणत्या तासाच्या दिशेला आल्यावर डाग विझतो, एवढ्या चार गोष्टी फोटोसोबत लिहाव्यात. फोटो कापून किंवा उजळ करून देऊ नये. कॅमेऱ्यातून आला तसाच द्यावा.